आणेवारी, दोरी आणि यदृच्छा : धानाच्या मोजणीतून घडलेले संख्याशास्त्राचे शिक्षण



ज्या गणितशिक्षकांच्या स्मृतीसाठी शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या विषयाशी नाते सांगणारा विषय घ्यावा, असे निमंत्रण स्वीकारतानाच मी ठरविले होते. मराठीच्या प्राध्यापकाने संख्याशास्त्रावर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु कोणतेही शास्त्र एखाद्या प्रदेशात येते ते तेथील कामधंद्यातून आणि तेथील शब्दांतून येते, आणि तेवढा भाग तरी भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत बसतो.

संख्याशास्त्राची पदवी, त्यातील प्रमाणपत्रे, त्यावर आधारलेल्या सरकारी सेवेच्या परीक्षा ही नावे आज आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाहीत. या परीक्षांची तयारी म्हणजे सूत्रे पाठ करणे आणि आकडेमोड वेगाने करणे, असा एक सार्वत्रिक समज आहे. या विद्येचा आपल्या देशातील इतिहास पाहिला म्हणजे तो समज टिकत नाही. तिच्यातील खरा अवघड पाठ म्हणजे आपल्या डोळ्यांना जे योग्य दिसते ते बाजूला ठेवून निवड यदृच्छेच्या हाती सोपविणे. हा पाठ भारतात मुख्यतः पिकाच्या मोजणीने शिकविला, आणि तो शिकविणाऱ्यांत मराठी माणसे अग्रभागी होती.

आपला जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. मध्य प्रांतात मालगुजारी असली तरी गावोगाव पटवारी होता, गावाचा नकाशा होता, खसरा होता. कोणत्या शेतात किती एकर धान आहे हे कागदावर सापडत असे. अडचण होती ती धान किती पिकले हे सांगण्याची. त्यासाठी सरकार तीन संख्यांचा गुणाकार करी : पिकाखालील क्षेत्र, एकरी सर्वसाधारण उत्पन्न आणि पिकाची आणेवारी. उदाहरणादाखल असे समजा, की एका गावात ४०० एकर धान आहे, सर्वसाधारण उत्पन्न एकरी ८०० पौंड धरले आहे आणि यंदाचे पीक बारा आणे ठरले आहे. तर त्या गावाचे उत्पादन २,४०,००० पौंड. आता यातील क्षेत्र मोजलेले, सर्वसाधारण उत्पन्न मानलेले आणि आणे नजरेने ठरविलेले. नजर एका आण्याने चुकली की या एका गावात २०,००० पौंडांचा फरक पडतो.

नजर चुकते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. रस्त्याकडेचे शेत तिला आधी दिसते. अतिशय चांगल्या वर्षी सोळा आणे म्हणण्यास ती कचरते आणि अतिशय वाईट वर्षी तीन आणे म्हणण्यासही कचरते. त्यामुळे दोन्ही टोके मध्याकडे ओढली जातात, आणि ज्या वर्षी अचूक आकड्याची गरज सर्वांत अधिक त्याच वर्षी तो सर्वांत कमी विश्वासार्ह ठरतो. शिवाय जमीनमहसुलाची सूट आणि तहकुबी आणेवारीवर अवलंबून असल्यामुळे आकडा खाली यावा असे शेतकऱ्याला वाटे आणि वर राहावा असे तिजोरीला. हा शब्द अद्याप जिवंत आहे. आपल्याकडे 'आनावारी' अजून ऐकू येते. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्रात, दशमान नाण्यांबरोबर तिची 'पैसेवारी' झाली. तेथील महसूल खाते आधी 'नजर पैसेवारी' जाहीर करते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. पहिल्या पायरीच्या नावातच 'नजर' आहे, हा सरकारी भाषेचा प्रामाणिकपणाच म्हणावयाचा.

या नजरेवर पहिला शास्त्रीय आक्षेप घेतला तो विद्यापीठाबाहेरच्या एका माणसाने. जॉन हबॅक हे सनदी अधिकारी बिहार-ओरिसा प्रांतात होते. पुढे ते ओरिसाचे पहिले गव्हर्नर झाले. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी भातपिकाच्या कापणीचे प्रयोग केले आणि १९२७ साली त्यांचा अहवाल पुसा येथील कृषी संशोधन संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा साधा होता. शेतातील 'सर्वसाधारण' तुकडा माणसाने निवडला, तर ती निवड किती चुकीची आहे हे मोजण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. तुकडा चिठ्ठीने निवडला, तर चूक होईलच. पण ती केवढी असू शकेल हे सांगता येईल. रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने या लहानशा पत्रिकेचे महत्त्व ओळखले होते. १९३४ साली लंडनमध्ये जर्झी नेमन यांनी हेतुपुरस्सर निवडलेल्या नमुन्यापेक्षा यादृच्छिक नमुना श्रेयस्कर का, याची गणिती मांडणी केली.

त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातील बुध गावचा एक तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, पदवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली. नमुनानिवडीच्या सिद्धान्तावर त्यांनी तेथे काम केले, १९३६ साली पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एस्‌सी. मिळविली, आणि १९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून आले. दुसरे नाव विनायक गोविंद पानसे यांचे. ते इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम करीत. तिसरे आर. जे. कळमकर. रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात फिशर यांच्या हाताखाली काम करून आलेले हे गृहस्थ आपल्या मध्य प्रांताच्या शेतीखात्यात होते. पानसे आणि कळमकर यांनी १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच वऱ्हाडात कापसाच्या उत्पादनाची यादृच्छिक नमुन्याने पाहणी केली आणि १९४४ साली तिच्यावरील टिपणे 'करंट सायन्स' या नियतकालिकात दिली. आपण ज्या प्रांताचे रहिवासी होतो, तो प्रांत या इतिहासात अगदी सुरुवातीच्या पानांवर आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

मध्येच १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला. त्याच्या चौकशी आयोगाने १९४५ च्या अहवालात पिकांच्या आकडेवारीच्या अविश्वसनीयतेवर बोट ठेवले. बंगालात किती तांदूळ आहे, हे निश्चितपणे कोणालाच सांगता येत नव्हते. त्याचे एक कारण जमीनव्यवस्थेत होते. तेथे कायमधाऱ्याची पद्धत होती. सारा एकदाच ठरलेला, म्हणून शेतवार नोंद दरवर्षी ठेवणारा पटवारी तेथे नव्हता. कलकत्त्यात १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी म्हणूनच स्वतःचे पाहणी-सेवक तयार केले. त्यांना झटपट आणि स्वस्त काम हवे होते. फिरत्या सेवकाने पाहता पाहता शेतात लहानसे वर्तुळ आखावे, कापावे, तोलावे आणि पुढे जावे. सुखात्मे-पानसे यांच्यापुढील परिस्थिती वेगळी होती. त्यांच्या प्रांतांत पटवारी, महसूल निरीक्षक आणि शेतीखात्याचे कामगार जागेवरच होते. त्यांनी त्यांनाच शिकविले आणि तुकडा मोठा घेतला.

यावरून १९४० च्या दशकात जो वाद झाला तो थोडा विस्ताराने सांगतो, कारण संख्याशास्त्र शिकणाऱ्याला त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट. याच्या उलट ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद आयत घ्या. तो बरोबर एक-ऐंशीअंश एकर भरतो. आता शेतात बसा. वर्तुळाच्या कडेवर धानाचे चूड उभे आहे, निम्मे आत, निम्मे बाहेर. नियम असा की ज्याच्या बुडख्याचा अर्ध्याहून अधिक भाग आत तेच कापावयाचे. पण विळा हाती घेतलेल्या माणसाला कडेवरचे भरदार चूड आत ओढण्याचा मोह होतो. त्याच्या मनात लबाडी असतेच असे नाही. समजा, या मोहाने कड सर्व बाजूंनी फक्त दोन इंच बाहेर सरकली. लहान वर्तुळाचे क्षेत्रफळ त्यामुळे १७ टक्क्यांनी वाढते. मोठ्या आयताचे वाढते ३ टक्क्यांनी. चूक तीच, माणूस तोच; फळ निराळे.

सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात हा मुद्दा प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे मांडला : लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न वस्तुस्थितीहून अधिक येते. महालनोबिस यांच्या बाजूचे म्हणणे असे, की सेवक नीट तयार केलेला असेल तर ही चूक राहत नाही, आणि लहान तुकडे पुष्कळ घेता येतात. दोन्ही बाजूंना तथ्य होते. माझे मत विचाराल तर, सुखात्मे यांचे पारडे जड होते, कारण आपल्या पद्धतीवर काम करणारा माणूस आदर्श असेल असे त्यांनी गृहीत धरले नाही. यात संख्याशास्त्राचा एक मूलभूत भेद दडलेला आहे. यदृच्छेने होणारी चूक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जाते. नमुना चौपट केला की ती निम्मी होते. एकाच बाजूला झुकणारी चूक मात्र दहा हजार तुकडे घेतले तरी तितकीच राहते, आणि नमुना मोठा असल्याच्या दिमाखामुळे ती उलट अधिक विश्वसनीय दिसू लागते. पुष्कळ परीक्षार्थी पहिल्या चुकीचे सूत्र बिनचूक लिहितात. दुसरीला सूत्र नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत यादृच्छिक कापणीप्रयोग हीच अधिकृत पद्धत झाली. आधी गाव चिठ्ठीने निवडावयाचे, मग गावातील शेत, मग शेतातील तुकडा. पटवाऱ्याने शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहावयाचे. शेत ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असेल आणि तुकडा १० × ५ मीटरचा असेल, तर लांबीसाठी ५० च्या आतली आणि रुंदीसाठी ३५ च्या आतली, अशा दोन संख्या यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून घ्यावयाच्या, तितके मोजून जावयाचे आणि खुंटी ठोकावयाची. शेत वाकडेतिकडे असून तुकडा हद्दीबाहेर गेला तर नवी जोडी घ्यावयाची. खुंटी खडकाळ जागी पडली, तेथे धान विरळ आहे, शेतकरी म्हणतो, 'पटवारीजी, जरा इकडे घ्या, येथे पीक खरे दिसते'. तरी खुंटी हलवावयाची नाही. ज्याला बांधीची खडान्खडा माहिती आहे त्याने आपली माहिती वापरावयाची नाही, ही शिस्त सोपी नव्हे. या देशातील संख्याशास्त्राचा सर्वांत मोठा वर्ग धुऱ्यावर भरला, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

विद्यापीठीय आणि व्यावसायिक शिक्षण याच काळात बांधले गेले. कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग १९४१ साली सुरू झाला. पुणे विद्यापीठातील विभाग १९५३ साली, कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली. कलकत्त्याच्या संस्थेने त्याआधीच व्यावसायिक परीक्षा सुरू केल्या होत्या. तिची संख्याशास्त्रज्ञाची पदविका नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणाऱ्यांनाही मिळविता येई. दिल्लीच्या परिषदेची संख्याशास्त्र शाखा १९४५ साली संशोधन आणि प्रशिक्षण यांचे केंद्र म्हणून नव्याने उभी राहिली, १९५९ साली तिला संस्थेचे रूप आले. आज ती भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथेही व्यावसायिक प्रमाणपत्राचे वर्ग चालत. १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांचे शेती-कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे इंग्रजी पुस्तक परिषदेने काढले. पानसे तोवर सुखात्मे यांच्या जागी सल्लागार झाले होते आणि सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले होते. शेती महाविद्यालयांतील कितीतरी पिढ्यांनी या पुस्तकावर अभ्यास केला. त्याचा गुण असा, की त्यातील उदाहरणे भारतीय शेतांतील आहेत. त्या काळच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी हाताने फिरविण्याचे गणनयंत्र घेऊन बसे. वर्गांची बेरीज करावी, तपासावी, पुन्हा करावी. संगणकाने हे कष्ट वाचविले ते चांगलेच झाले. परंतु आकडा कोठून आला, हे विचारण्याची त्या कष्टांबरोबर लागणारी सवयही पातळ झाली की काय, अशी मला शंका येते.

आता शब्दांकडे वळतो. आपली मुले सीमेवर राहतात आणि ही सीमा गणिताच्या पुस्तकातूनही जाते. गोंदियाचा विद्यार्थी 'मध्य, मध्यक, बहुलक' शिकतो. बालाघाटचा 'माध्य, माध्यिका, बहुलक'. तिकडे 'प्रमाण विचलन', इकडे 'मानक विचलन'. तिकडे 'संभाव्यता', इकडे 'प्रायिकता'. घरी एक शब्द आणि वर्गात दुसरा, याची ज्याला लहानपणापासून सवय आहे त्याला एक लाभही होतो : संज्ञा वेगळी आणि कल्पना वेगळी, हे त्याला लवकर उमगते. आपली 'सरासरी' तर दोन्ही अर्थ वागविते. हिशेबातील सरासरीही तीच आणि 'सरासरीने सांगतो' म्हणजे ढोबळ मानाने सांगतो, हीही तीच. 'यादृच्छिक' हा शब्द दोन्ही भाषांत समान आहे आणि दोन्हींत फसवा आहे. कानाला त्यात 'इच्छा' ऐकू येते आणि विद्यार्थी समजतो, मनाला येईल तसे निवडणे. वस्तुतः त्याचे घटक 'यत्' आणि 'ऋच्छा' असे आहेत. आपोआप घडून येणे हा त्याचा आशय. इच्छेला तेथे मज्जाव आहे. यापेक्षा मराठीतील 'ईश्वरचिठ्ठी' हा घरगुती शब्द मला अधिक बोलका वाटतो. १९४७ साली भारतीय कृषी सांख्यिकी परिषद स्थापन झाली, तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष आणि सुखात्मे सचिव होते. तिच्या इंग्रजी नियतकालिकाला हिंदी परिशिष्टही जोडले जाऊ लागले. भाषेचा प्रश्न त्या पिढीने टाळला नाही, एवढे त्यावरून दिसते. आजही भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागते. आपल्या विद्यार्थ्याने म्हणून तीन भाषांतील संज्ञांची स्वतःची वही करावी आणि प्रत्येक संज्ञेपुढे एक उदाहरण आपल्या गावचे लिहावे.

हे सारे जुने वाद आज कोणाच्या कामाचे, असे कोणी विचारील. १९७६ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी पीकविम्याची एक योजना मांडली. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे ठरविणे अशक्य आहे. म्हणून एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न कापणीप्रयोगांनी काढावे आणि ते उंबरठ्याखाली गेले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीकविमा योजना, सर्वांचा पाया हाच आहे. या शेवटच्या योजनेत प्रमुख पिकांसाठी घटक लहान झाला, मध्य प्रदेशात तो पटवारी हलका ठरला, आणि अशा घटकात किमान चार प्रयोगांचा नियम झाला. सबंध हलक्याचे भवितव्य चार तुकड्यांवर!

एक हिशेब मांडून पाहू. उंबरठा हेक्टरी २० क्विंटल, विम्याची रक्कम ४०,००० रुपये. खरे उत्पन्न १५ क्विंटल आले तर तूट २५ टक्के आणि भरपाई १०,००० रुपये. दोरी सैल बसली, कडेचे चूड आत आले, किंवा ओले धान तोलून ते वाळविल्यानंतरचा हिशेब धरलाच नाही, आणि उत्पन्न १७ क्विंटल नोंदले गेले, तर तूट १५ टक्के आणि भरपाई ६,००० रुपये. हलक्यातील प्रत्येक विमाधारकाच्या दर हेक्टरामागे ४,००० रुपये गेले. ज्याच्या बांधीत दोरी पडलीच नाही त्याचेही गेले. चुकीचा झोक उत्पन्न फुगविण्याकडे असला की तो भरपाई घटविण्याकडे असतो, ही गोष्ट १९४६ च्या वादात कोणाच्या मनातही नव्हती. पण त्या वादाचे आजचे धनी आपले धान-उत्पादक आहेत.

शाळेला एक विनंती करून रजा घेतो. येत्या खरिपाच्या कापणीला दहावीच्या मुलांना जवळच्या एखाद्या बांधीवर न्यावे. मोबाईलवर यादृच्छिक संख्या काढता येतात. त्याच बांधीत दोन फूट त्रिज्येची दहा वर्तुळे आणि ५ × ५ मीटरचा एक तुकडा मुलांकडून कापवून घ्यावा, दोन्हींचे धान वेगवेगळे मळून, वाळवून तोलावे आणि हेक्टरी उत्पन्न दोन्ही रीतींनी काढून फळ्यावर लिहावे. कोणत्या गटाने विळा कसा चालविला, हे त्यांना आधी सांगू नये.